कढईतले तेल, इंजिनातले तेल

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हा तिचा एक मुक्काम सणसर येथे असतो. एरवी ऊस, दूध आणि कालव्याचे आवर्तन यांच्या चक्रात फिरणारे हे गाव त्या एका रात्रीपुरते नगर होऊन जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुली पेटतात, कढया चढतात, भजी आणि वड्यांचे घाणे निघत राहतात. दुसऱ्या दिवशी पालखी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघते आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागते. मागे उरते ते कढयांच्या तळाशी राहिलेले, पुनःपुन्हा तापून काळे व दाट झालेले तेल. या तेलाचे पुढे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वस्तुतः आपल्या इंधनविषयक धोरणातील एका मोठ्या अपयशाचे कारण आणि एका लहान परंतु खऱ्या संधीचे स्वरूप, ही दोन्ही या प्रश्नाचा पाठपुरावा केल्यास स्पष्ट होतात.

वनस्पतींच्या तेलावर इंजिन चालते, ही गोष्ट नवी नाही. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात डिझेलच्या पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असल्याने त्याचा इंधन म्हणून उपयोग होईल काय, याची फ्रेंच सरकारला उत्सुकता होती. तथापि खनिज तेल स्वस्त झाले आणि तो विचार मागे पडला. १९३७ साली ब्रुसेल्स विद्यापीठातील शावान या संशोधकाने वनस्पती-तेलावर रासायनिक प्रक्रिया करून ते इंजिनास योग्य करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात त्याचा उगम येथे सापडतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर या विस्मृतीत गेलेल्या कल्पनेकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले.

ही प्रक्रिया समजण्यास कठीण नाही. तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका आखूड कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या होत. या रचनेमुळे तेल दाट असते. त्याचा दाटपणा डिझेलच्या दहापटींच्या आसपास असतो. असे तेल तसेच इंजिनात घातले, तर ते बारीक फवाऱ्याच्या रूपाने उडत नाही, नीट जळत नाही आणि नोझलवर काजळी धरते. म्हणून तेल गाळून, त्यातील पाणी उडवून, ते सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात आणि त्यात मेथॅनॉल व थोडा कॉस्टिक सोडा मिसळून तास-दोन तास ढवळतात. मेथॅनॉल ग्लिसरीनची जागा घेते आणि तिन्ही साखळ्या सुट्या होतात. मिश्रण स्थिर ठेवले की जड ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर पातळ, पिवळसर बायोडिझेल राहते. ते धुऊन कोरडे केले की इंधन तयार होते. १०० किलो तेलाला साधारण ११ किलो मेथॅनॉल खर्ची पडते आणि त्यातून १०० किलोच्या जवळपास बायोडिझेल व १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते. तळणाचे जुने तेल असेल तर त्यातील आम्लता वाढलेली असते. तिच्यावर आधी उपाय केला नाही, तर इंधनाऐवजी साबणच हाती येतो. मेथॅनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने हा घरच्या अंगणात करण्याचा उद्योग नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे.

अशा इंधनाचे गुण पुष्कळ आहेत. त्यात गंधक जवळजवळ नसते, धूर व काजळी कमी होते, ते डिझेलइतके चटकन पेट घेत नसल्याने साठवण्यास अधिक सुरक्षित असते आणि इंजिनाच्या भागांना उत्तम वंगण पुरविते. दोषही सांगितले पाहिजेत. त्याची ऊर्जा वजनाच्या मानाने डिझेलपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी भरते. ते ओलावा शोषून घेते, फार दिवस ठेवल्यास खराब होते, थंडीत गोठू लागते आणि जुन्या इंजिनांतील रबरी भागांना अपाय करते. म्हणून ते बहुधा डिझेलमध्ये पाच ते वीस टक्के मिसळून वापरतात. ज्या झाडाने हवेतील कार्बन घेऊन तेल तयार केले, त्याच झाडाचे तेल जळाल्यावर तो कार्बन हवेत परत जातो. म्हणून या इंधनाला नूतनीक्षम म्हणतात. अर्थात मेथॅनॉल बहुतांशी नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनते, तेव्हा ही नूतनीक्षमता पूर्ण शंभर टक्के नाही. असे असले तरी रसायनशास्त्राच्या बाजूने बायोडिझेलविषयी फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो अर्थशास्त्राचा. आणि तो एकाच प्रश्नाभोवती फिरतो. तेल आणायचे कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंदापूर आणि बारामतीच्या कोरडवाहू भागातील करडईचे उदाहरण घेता येईल. हेक्टरी आठ-दहा क्विंटल करडई आली आणि तिच्यात तीस टक्के तेल धरले, तर पावणेतीनशे किलोंच्या आसपास, म्हणजे सुमारे ३०० लिटर तेल निघते. दरडोई वर्षाला वीस किलो खाद्यतेलाचा हिशेब केला, तर पाच माणसांच्या जवळजवळ तीन कुटुंबांची ही वर्षभराची फोडणी झाली. तेच तेल भरलेल्या ट्रकच्या टाकीत ओतले आणि ट्रक लिटरला चार किलोमीटर गेला, तर बारामतीहून मुंबईच्या दोन-अडीच खेपांत ते संपून जाईल. एका हेक्टरचे वर्षभराचे कष्ट एकीकडे तीन घरांचे ताट राखतात आणि दुसरीकडे आठवडाभरही चाक फिरवीत नाहीत. ज्या देशाला आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणावे लागते, त्याने खाण्याचे तेल इंजिनात घालणे म्हणजे खनिज तेलाची आयात कमी करण्यासाठी खाद्यतेलाची आयात वाढविणे होय. एका खिशातले काढून दुसऱ्या खिशात घालण्याच्या या व्यवहारात मधला तोटा मात्र आपला.

हे आपल्या नियोजनकारांना ठाऊक नव्हते असे नाही. म्हणूनच २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने न खाण्याच्या तेलाचा, विशेषतः मोगली एरंडाचा, मार्ग सुचविला. या झुडपाला जनावरे तोंड लावीत नाहीत, ते माळरानावर तग धरते आणि त्याच्या बियांत तीस टक्क्यांहून अधिक तेल असते. सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टर जमिनीवर त्याची लागवड करावी आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळावे, अशी ती योजना होती. हेक्टरी पावणेचार टन बी आणि त्यातून १.२ टन तेल मिळेल, हे तिच्यातील गृहीत होते. पुढे २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांसाठी २०१७ हे वर्ष ठरविले. २०१८ च्या नव्या धोरणाने हे उद्दिष्ट पाच टक्क्यांवर आणून त्यासाठी २०३० ची मुदत दिली. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत डिझेलमधील बायोडिझेलचे प्रमाण एक टक्क्याच्या आतच राहिले आहे.

वीस टक्क्यांवरून पाच टक्के आणि पाचावरून प्रत्यक्षात एकाहून कमी, या उतरंडीचे कारण काय? पहिले कारण कोणताही कोरडवाहू शेतकरी सांगू शकेल. झाड जगणे वेगळे आणि झाड फळणे वेगळे. मोगली एरंड पाण्याविना जगतो हे खरे, परंतु भरघोस बी देण्यासाठी त्यालाही पाणी, खत आणि मशागत लागते. ती न मिळाल्याने बऱ्याच ठिकाणी उत्पन्न अपेक्षेच्या अंशमात्रच आले. दुसरे कारण असे की, कागदावर जिला पडीक जमीन म्हटले जाते, ती बहुधा कोणाची तरी चराई असते, कोणाचे तरी सरपण असते. तिसरे कारण भावाचे. २००५ च्या खरेदी-धोरणात सरकारी तेलकंपन्यांनी बायोडिझेलसाठी लिटरला २५ रुपयांच्या आसपास भाव देऊ केला. त्या भावात बी वेचणाऱ्याची मजुरीही सुटत नव्हती. मग खरेदीकेंद्रांकडे माल येणार कोठून?

जमिनीचा हा हिशेब सणसरच्या परिसराला विशेष लागू पडतो. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी नीरा डाव्या कालव्यात सोडण्याची जी सोय आहे, तिला या भागात ‘सणसर कट’ म्हणूनच ओळखतात. त्या पाण्याच्या एकेका आवर्तनासाठी कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना किती वाट पाहावी लागते आणि किती भांडावे लागते, हे इंदापूर तालुक्यात कोणालाही विचारावे. जेथे पाणी आहे तेथे ऊस हटणार नाही. जेथे नाही तेथे मोगली एरंड फळणार नाही. ओढ्याकाठच्या आणि बांधावरच्या करंजाला मात्र या चित्रात जागा आहे. त्याच्या बियांत तीस टक्क्यांच्या आसपास तेल असते, तो जमिनीला नत्र देतो आणि त्याची पेंड शेताला उपयोगी पडते. परंतु करंज फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. बांधावरची झाडे म्हणून त्याचे स्वागत करावे. देशाच्या इंधनाचा भार त्याच्यावर टाकू नये.

खाण्याच्या तेलावरच बायोडिझेलची इमारत उभारली तर काय होते, हे इंडोनेशियाने दाखविले आहे. पामतेलाचा सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या या देशाने डिझेलमध्ये पामतेलाच्या बायोडिझेलचे प्रमाण वाढवीत नेले आणि २०२५ मध्ये ते चाळीस टक्क्यांवर आणले. त्यांचे डिझेल वाचले; परंतु जगाच्या बाजारात येणारे पामतेल तेवढ्या प्रमाणात घटले. भारत या तेलाचा फार मोठा ग्राहक आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने काही आठवडे पामतेलाची निर्यातच थांबविली, तेव्हा आपल्याकडच्या घराघरांत तेलाचा डबा महाग झाला. जाकार्तातला ट्रक कशावर चालतो, याचा सणसरच्या स्वयंपाकघराशी संबंध असतो, हे त्या वर्षी कोणा अर्थशास्त्रज्ञाने समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

आता कढयांच्या तळाशी राहिलेल्या तेलाकडे परत यावे. हे तेल खाण्याच्या कामी एकदा येऊन गेलेले आहे. त्यासाठी नवी जमीन लागत नाही, कालव्याचे आवर्तन लागत नाही, कोणाच्या ताटातला घास काढून घ्यावा लागत नाही. उलट ते ताटात परत येऊ नये, यातच समाजाचे हित आहे. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलात जी अपायकारक द्रव्ये साठतात, त्यांचा रक्तदाब, रक्तवाहिन्या आणि यकृत यांच्या विकारांशी संबंध जोडला जातो. म्हणूनच केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून अशा ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली आणि तळणासाठी दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवून टाकाऊ तेल अधिकृत संस्थेलाच देण्याचे बंधन घातले. १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेलकंपन्यांनी अशा तेलापासून बनलेले बायोडिझेल विकत घेण्याची योजना जाहीर केली. पहिल्या वर्षासाठी भाव लिटरला ५१ रुपये होता. देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरले जाते, त्यातून उपाहारगृहांसारख्या मोठ्या वापरकर्त्यांकडून १४० कोटी लिटर गोळा होऊ शकेल आणि त्याचे ११० कोटी लिटर बायोडिझेल होईल, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता.

हा आकडा मोठा दिसतो. परंतु येथेही भाबडेपणा नको. देशाचा डिझेलचा वार्षिक वापर नऊ कोटी टनांच्या घरात, म्हणजे साधारण १०,८०० कोटी लिटर आहे. ११० कोटी लिटर म्हणजे त्याचा एक टक्का. टाकाऊ तेलाचा थेंब न् थेंब गोळा केला तरी पाच टक्क्यांचे उद्दिष्ट त्यातून गाठता येणार नाही. तेव्हा हे इंधन देशाला खनिज तेलाच्या जोखडातून सोडवील, अशी भाषणे करणे सोडून द्यावे. मग ही उठाठेव कशासाठी? कारण या व्यवहारात एका लिटरमागे दोन लाभ आहेत. एक लिटर डिझेल वाचते आणि एक लिटर विष अन्नातून बाहेर पडते. पहिल्या लाभाला बाजारात भाव आहे, दुसऱ्याला नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

काळे तेल कोण खाते, हेही पाहिले पाहिजे. मोठे उपाहारगृह आपले जुने तेल विकते. ते घेणारा कधी साबणासाठी घेतो, कधी स्वस्त तेल म्हणून पुढे विकतो. टपरीवाला जुन्यातच नवे ओतून दिवस काढतो. त्याला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. त्याचा नफाच एवढा थोडा असतो की रोज कढई रिकामी करणे त्याला परवडत नाही. त्याचा ग्राहक असतो एसटीची वाट पाहणारा विद्यार्थी, बाजाराला आलेला शेतमजूर, हंगामात मुलांबाळांसह आलेला ऊसतोड कामगार. ५० लिटरचा नियम टपरीला लागू होत नाही. अर्थात, ज्यांना संरक्षणाची सर्वांत अधिक गरज आहे तेच नियमाच्या बाहेर राहतात.

इथेनॉलच्या बाबतीत आपण काय केले, याच्याशी येथे तुलना करून पाहावी. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण दीड टक्का होते. २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. त्या मार्गालाही काटे आहेतच: २०२३ च्या अखेरीस साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले होते आणि मक्याच्या वाढत्या वापराने कोंबडीखाद्य महागल्याची तक्रार आहे. तरीही ही वाढ कशी झाली? कारण ऊस गोळा करणारी यंत्रणा आधीच उभी होती. सणसरलगतच्या भवानीनगरच्या छत्रपती सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांनी गेली कित्येक दशके हजारो शेतांतला ऊस एका काट्यावर आणला. त्यावर सरकारने खरेदीचा भाव ठरवून दिला आणि कंपन्यांनी माल उचलला. बायोडिझेलला रसायनशास्त्र मिळाले, धोरण मिळाले, घोषणा तर पुष्कळच मिळाल्या. मिळाला नाही तो गोळा करणारा.

असा गोळा करणारा या भागात घडविता येणार नाही काय? बारामती-इंदापूरच्या गावोगावी सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर दोन-चार लिटरच्या किटल्या येतात. दुधाचे माप होते, फॅट तपासले जाते, त्याप्रमाणे भाव लागतो आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार हातात पडतो. थोडे थोडे, विखुरलेले आणि लवकर नासणारे दूध प्रामाणिक तपासणी व नियमित पैसे या दोन आधारांवर गोळा होते, हे या मातीतले अनुभवसिद्ध सत्य आहे. टाकाऊ तेल तर नासतही नाही. उपाहारगृहे, फरसाणवाले, वसतिगृहे, खानावळी, मंगल कार्यालये आणि टपऱ्या यांच्याकडून आठवड्यातून एकदा, दुधाहून सर्वस्वी वेगळ्या गाडीने व वेगळ्या डब्यांतून, हे तेल उचलावे; तेथल्या तेथे तपासावे; पैसे रोख द्यावेत. समजा, एका तालुक्यात अशा शंभर ठिकाणांहून दिवसाला सरासरी दोन लिटर तेल मिळाले, तर महिन्याला ६,००० लिटर होईल. सरकारी प्रमाणानेच त्याचे ४,७०० लिटर बायोडिझेल होते. वीस टक्के मिश्रणात ते वापरले आणि ट्रॅक्टरला दिवसाला ३० लिटर इंधन धरले, तर ऊसवाहतुकीच्या पंचवीस-सव्वीस ट्रॅक्टरांची महिन्याची गरज त्या मिश्रणातून भागेल. प्रक्रियेचा कारखाना तालुक्याला परवडणार नाही. तो जिल्ह्याला एक पुरे. परंतु संकलन गावपातळीवरच झाले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, एवढ्या खटाटोपाचा खर्च इंधनाच्या किमतीतून निघणार नाही. आक्षेप रास्त आहे. २०२१ मध्ये खाद्यतेलाचे भाव भडकले, तेव्हा आधी ठरवून दिलेल्या दरांत हा व्यवहार बसणे कठीणच होते. जुने तेल अन्नासाठी पुन्हा विकणारा जो भाव देतो, त्याहून चार पैसे अधिक दिल्याखेरीज तेल इकडे वळणार नाही. हे चार पैसे इंधन घेणाऱ्याने का सोसावेत? ते आरोग्याच्या खात्यातून आले पाहिजेत. रक्तदाबाच्या औषधांवर शासन आणि कुटुंबे जो खर्च करतात, त्याच्या मानाने लिटरमागे थोडे अनुदान हा खर्च नव्हे, बचत आहे. शिवाय खरेदीचा भाव खाद्यतेलाच्या बाजारभावाशी जोडलेला असावा. तीन वर्षांचा भाव आधीच ठरवून बसणे हे धोरण नव्हे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करता येणार नाही. बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच औद्योगिक तेल विकण्याचे प्रकार गुजरातप्रमाणेच महाराष्ट्रातही उघडकीस आले. त्यामुळे इंजिने बिघडली, कर बुडाला आणि खऱ्या उत्पादकांची पत गेली. बायोडिझेलसाठी भारतीय मानक आहे, केंद्राचे विक्रीविषयक नियम २०१९ पासून आहेत. उणीव आहे ती तपासणीची. दुधात पाणी ओळखणारे यंत्र गावात येऊ शकते, तर इंधनातली भेसळ ओळखणारी प्रयोगशाळा जिल्ह्यात असण्यास काय हरकत आहे? या भागातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांकडे असे काम सोपविले, तर विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे शिक्षणही मिळेल.

मोठ्या स्वप्नांचे आपल्या नियोजनाला नेहमीच आकर्षण राहिले आहे. एक कोटी हेक्टरांची योजना आखणे सोपे असते, कारण ते हेक्टर नकाशावर असतात. शंभर कढया रिकाम्या करणे अवघड असते, कारण प्रत्येक कढईमागे एक माणूस उभा असतो आणि त्याचा हिशेब त्याच्याशी बसूनच सोडवावा लागतो. बायोडिझेलच्या वीस-बावीस वर्षांच्या इतिहासाचा धडा हाच आहे. पुढच्या वारीत पालखी सणसरला येईल तेव्हा कढया पुन्हा चढतील. पहाटे दिंड्या पुढे निघाल्यावर कोणी तरी डबा, मापे आणि रोख पैसे घेऊन त्या कढयांपाशी आला, तर २०३० चे उद्दिष्ट गाठले जाणार नाही हे खरे. परंतु पुढच्या मुक्कामावरच्या वारकऱ्याच्या पानात तेच काळे तेल पुन्हा पडणार नाही. आरंभ म्हणून एवढे पुरेसे आहे.